ट्रकच्या बॉल जॉइंटचा रबरी बूट वारंवार फाटत असेल तर

पांढरकवडा, घाटंजी, वणी या पट्ट्यात कापूस, सोयाबीन किंवा मुरूम वाहणाऱ्या गाड्यांच्या मालकांकडून एक तक्रार दर हंगामात ऐकू येते. पुढच्या चाकाजवळच्या बॉल जॉइंटवरचा (वाटीत फिरणाऱ्या गोळीच्या सांध्यावरचा) रबरी बूट, म्हणजे त्याचे आवरण, फाटतो, तो बदलला जातो, आणि कापसाचा हंगाम निम्म्यावर येण्याआधीच नवा बूट त्याच जागी फाटलेला सापडतो. गॅरेजमध्ये यावरचे उत्तर बहुधा ठरलेले असते: "रबरच हलकं येऊन राहिलं भाऊ आजकाल." हलक्या प्रतीचे रबर बाजारात येते हे खरे आहे, परंतु एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेल्या जोडीपैकी क्लीनर साइडचा बूट वर्षभर टिकतो आणि ड्रायव्हर साइडचा दर वेळी फाटतो, तेव्हा दोष रबरावर ढकलता येत नाही. नवा बूट चढवण्याआधी जुना बूट नेमका कोठे आणि कशा रीतीने फाटला आहे हे पाहणे, हा या दुरुस्तीचा पहिला भाग आहे. आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच वगळला जातो, कारण फाटलेला बूट काढला की तो आधी कचऱ्यात जातो.

टाटा ४०७ सारख्या, पुढे अखंड ॲक्सल आणि पाटे असलेल्या ट्रकमध्ये पुढचे चाक किंगपिनवर (उभ्या खिळीवर) वळते, त्यामुळे बॉल जॉइंट असतात ते स्टिअरिंगच्या दांड्यांच्या टोकांना. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडची दोन टोके आणि ड्रॉप आर्मपासून (स्टिअरिंग बॉक्सवरच्या दांड्यापासून) ड्रायव्हर साइडच्या चाकाकडे जाणाऱ्या ड्रॅग लिंकची दोन टोके, असे हे चार जॉइंट होत. ज्या लहान पिकअप गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असते, त्यांत यांशिवाय आर्मच्या टोकाला बसवलेले आणि काही रचनांत गाडीचा भारही पेलणारे बॉल जॉइंट असतात. येथे मुख्यतः टाय रॉड आणि ड्रॅग लिंकच्या टोकांचा विचार केला आहे. पिकअपची पद्धत जेथे वेगळी आहे तेथे तसे नमूद केले आहे.

बूट स्वतः कोणताही भार घेत नाही. आतले ग्रीस आत आणि बाहेरची धूळ व पाणी बाहेर ठेवणे एवढेच त्याचे काम आहे. मात्र तो फाटल्यावर ग्रीसमध्ये जी बारीक माती मिसळते, तिच्यामुळे ते ग्रीस वॉल्व्ह घासण्याच्या पेस्टसारखे वागू लागते, आणि गोळी व तिची वाटी दोन्ही झिजतात. झीज वाढत गेली की स्टिअरिंगला प्ले (ढिलेपणा) येतो, पुढचे टायर कडेने खातात, आणि तरीही दुर्लक्ष झाले तर भरलेल्या गाडीत गोळी वाटीतून निसटून चाक स्टिअरिंगच्या ताब्यातून सुटण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. म्हणून बूट फाटलेला दिसला की "हंगाम संपल्यावर बघू" असे म्हणणे परवडणारे नाही.

आधी जॉइंट जिवंत आहे का ते पाहावे

फाटलेल्या बुटाखालचा जॉइंटच खराब झाला असेल, तर त्यावर नवा बूट चढवणे म्हणजे श्रम आणि पैसा वाया घालवणे होय. तपासणीसाठी गाडी सपाट व कडक जागी चारही चाकांवर उभी करावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी (चाक अडवणारा ठोकळा) लावावी, हँडब्रेक ओढावा आणि इंजिन बंद ठेवावे. एकाने स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे हलवत राहावे आणि दुसऱ्याने जॉइंटवर असा पंजा ठेवावा, की दांड्याचे टोक आणि नकल आर्म (चाक वळवणारा हात) हे दोन्ही भाग एकाच वेळी हाताला लागतील. दोन्ही भाग एकत्र हलले तर ठीक आहे. एक भाग आधी हलून दुसरा मागाहून झटक्याने येत असेल, किंवा आतून 'टक' असा आवाज हाताला जाणवत असेल, तर ते टोक बदलावेच लागते. पिकअपच्या भार पेलणाऱ्या जॉइंटची तपासणी अशी होत नाही. तेथे ज्या आर्मवर स्प्रिंगचा भार येतो त्या आर्मखाली जॅक लावून चाक जमिनीपासून किंचित उचलावे, टायरखाली पहार घालून चाक वर-खाली करावे आणि प्ले पाहावा. जॅक चुकून चासीखाली लावला तर काही रचनांत जॉइंट ताणलेलाच राहतो आणि झिजलेला जॉइंटही चांगला असल्याचा भास होतो.

यानंतर ग्रीस पाहावे. फाटलेल्या जागेतून थोडे ग्रीस बोटावर घेऊन अंगठ्याने चोळले असता ते गुळगुळीत लागले आणि त्याचा रंग एकसारखा असला, तर बूट फाटून फार काळ झालेला नाही आणि केवळ बूट बदलून काम भागेल. ग्रीस रवाळ लागत असेल, दुधासारखे पांढुरके झाले असेल किंवा त्यात तांबूस गंज दिसत असेल, तर माती किंवा पाणी वाटीपर्यंत पोहोचले आहे असे समजावे. स्टड (गोळीतून बाहेर आलेला, आट्यांचा दांडा) आर्ममधून सुटल्यावर तो हाताने सर्व दिशांना फिरवूनही पाहावा. तो सगळीकडे सारख्या घट्टपणाने फिरला पाहिजे. मध्येच अडकत असेल किंवा स्वतःच्या वजनाने खाली लोंबत असेल, तर त्याचे दिवस भरले आहेत.

संशय असेल तर पूर्ण टोक बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. बूट बदला की टोक बदला, स्टड टेपरमधून (आर्मच्या निमुळत्या छिद्रातून) सोडवण्याचे कष्टाचे काम दोन्ही वेळी तेवढेच करावे लागते. टोक बदलल्यावर टो-इन (पुढची चाके पुढच्या अंगाला किती आत वळलेली आहेत ते माप) मोजावे लागते, एवढाच काय तो जादा भाग.

बूट कोठे फाटला आहे?

फाटलेला बूट न पुसता काढावा, आणि गाडीवर असतानाच त्याची पुढची बाजू खडूने खूण करून ठेवावी. ही खूण नसेल तर पुढील निष्कर्ष काढता येत नाहीत.

बाहेरून ओरखडे असतील, छिद्र लहान व अणकुचीदार असेल, आणि ते खालच्या किंवा पुढच्या अंगाला असेल, तर कारण बहुधा वावरात आहे. पऱ्हाटी किंवा तूर कापल्यावर जमिनीत राहणारी धसकटे वाळली की खिळ्यासारखी कडक होतात, आणि माल भरण्यासाठी गाडी धुऱ्यावर न थांबवता थेट शेतात घातली की तीच धसकटे टाय रॉडच्या टोकांवर आपटतात. गाडी पांदणीवरच उभी करून माल बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने तेथवर आणणे हा यावरचा खरा उपाय आहे. तो शक्य नसेल तर जुन्या मडफ्लॅपचा जाड तुकडा ॲक्सलला क्लॅम्पने बांधून जॉइंटच्या पुढे लोंबता ठेवता येतो. हा तुकडा पूर्ण वळणातही बुटाला घासता कामा नये, आणि तो बसवण्यासाठी ॲक्सलला छिद्र पाडणे किंवा वेल्डिंग करणे सर्वथा वर्ज्य आहे.

घडीच्या तळाशी आडवी चीर असेल आणि आजूबाजूला कडक मातीचे थर असतील, तर तो काळ्या मातीचा परिणाम होय. पावसाळ्यात चिकटलेली काळी माती ऑक्टोबरच्या उन्हात आटून दगडासारखी होते आणि बुटाच्या घडीत तशीच बसून राहते. पुढे प्रत्येक वळणाला घडी मिटताना तो खडा रबरात रुततो. माती वाळण्याआधी साध्या नळीच्या पाण्याने धुणे पुरेसे असते. वाळलेली माती स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये. ओले पोते त्यावर गुंडाळून ती भिजू द्यावी. येथे वॉशिंग सेंटरमधल्या प्रेशरच्या फवाऱ्याविषयीही सांगितले पाहिजे. नोझल बुटाच्या अगदी जवळ धरून ओठावर (बुटाच्या कडेवर) मारले तर पाणी ओठाखालून आत जाते, बूट बाहेरून अखंड दिसतो, आणि आतला जॉइंट मात्र गंजू लागतो.

बुटाचा ओठ खोबणीतून बाहेर आला असेल किंवा बूट फुगून बाजूने फुटला असेल, तर ग्रीस गनकडे बोट दाखवावे लागते. निपल (ग्रीस भरण्याचे तोंड) असलेल्या जॉइंटमध्ये ग्रीस भरताना हाताच्या गननेही रबराला न पेलणारा दाब सहज तयार होतो. ओठाजवळून जुने ग्रीस किंचित डोकावले, किंवा बूट थोडासा फुगू लागला, की लगेच थांबावे. काही बुटांची रचना जादा ग्रीस ओठावाटे बाहेर पडेल अशी असते, तर काही पूर्ण बंद असतात; बंद बुटात गनचे चारदोन दट्टे जास्त बसले तरी तो फुटतो. गाडी सर्व्हिसिंगला देताना "ग्रीस भरपूर मारा" असे सांगण्याची आपल्याकडची सवय इंजिनाखालच्या इतर ठिकाणी चालून जाईल, येथे चालत नाही.

रबर फुगलेले, मऊ, चिकट झाले असेल आणि बोटाने दाबले असता ठसा उमटत असेल, तर त्यावर तेलाचा परिणाम झाला आहे. पावसाळ्यापूर्वी पाट्यांवर व चासीवर जळके ऑइल आणि डिझेल एकत्र करून फवारण्याची पद्धत विदर्भात सर्रास आढळते. पत्र्याला गंज लागू नये हा त्यामागचा हेतू चांगला असला, तरी ज्या रबराला खनिज तेल सोसत नाही त्याची त्यामुळे माती होते. नैसर्गिक रबर डिझेलमध्ये लवकर फुगते. निओप्रिन त्यामानाने बरेच टिकते, पण तेही रोज डिझेलने न्हाऊ घालावे असे नाही. फवारणी करायचीच असेल तर चारही बुटांना आधी प्लास्टिकची पिशवी बांधावी.

सगळ्या अंगावर बारीक भेगांचे जाळे दिसत असेल तर ते वयाचे आणि उन्हाचे काम आहे. चंद्रपूर, नागपूर, अकोला येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि तापलेल्या डांबरावर उभ्या गाडीच्या पोटाखालीही ती धग असते. मात्र यात उष्णतेबरोबरच हवेतल्या ओझोनचाही वाटा असतो, आणि ओझोन ताणलेल्या रबरावरच भेगा पाडतो. त्यामुळे स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गाडी आठवडाभर उभी ठेवली, तर बुटाची ताणलेली बाजू आधी तडकते. खरीप येईपर्यंत गाडी दारात उभी राहणार असेल तर चाके सरळ करून ठेवावीत. यासाठी एक पैसाही लागत नाही.

सरळ, स्वच्छ काप ओठाजवळ असेल तर तो हत्याराचा आहे. स्टड सोडवण्यासाठी दोन दातांचा फोर्क ठोकला की बूट जवळजवळ नक्कीच फाटतो, आणि बूट बसवताना स्क्रू ड्रायव्हरने ओठ ढकलला तर त्या वेळी न दिसणारी चीर पडते व ती पुढे वाढत जाते.

यापेक्षा फसवे प्रकरण म्हणजे बूट दर वेळी एकाच अंगाला, चंद्रकोरीच्या आकारात चेपून फाटणे. घाटंजीकडच्या एका ट्रकमध्ये असेच होत होते. क्लीनर साइडचा बूट मागच्या अंगाला फाटे, दुसऱ्या बाजूचा शाबूत राही. रबराचे ब्रँड बदलून झाले, ग्रीस बदलून झाले, आणि शेवटी टोकही नवे बसवले, तरी फरक पडला नाही. टाय रॉड हातात धरून स्वतःभोवती फिरवून पाहिला तेव्हा कारण समजले. चाके सरळ असताना टाय रॉड आपल्या अक्षाभोवती पुढे आणि मागे साधारण सारखाच लवंडला पाहिजे. या गाडीत तो पुढे चांगला लवंडत होता आणि मागे जागेवरच अडत होता. त्याआधी कधीतरी टो-इन जुळवताना टाय रॉडच्या नळीच्या टोकाचा क्लॅम्प आवळला गेला, तेव्हा ते टोक तिरपे झाले होते, आणि दोन्ही टोके एका पातळीत राहिली नव्हती. परिणामी स्टड कायम एका बाजूला कललेला राही, खड्ड्यात चाक वर-खाली होताना किंवा पूर्ण वळणात टोकाची कड बुटावर टेके, आणि बूट दोन लोखंडांत चिमटला जाई.

याचा उपाय सोपा आहे. क्लॅम्पचा बोल्ट ढिला करावा, नळी न फिरवता तेवढे टोक फिरवून दोन्ही टोके आपापल्या हालचालीच्या मध्यावर आणावीत आणि क्लॅम्प पुन्हा आवळावा. क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण वळणात ॲक्सलला किंवा पाट्याला लागत नाही, हेही याच वेळी पाहून घ्यावे. टोक एवढे थोडे फिरवल्याने टो-इनमध्ये पडणारा फरक अगदी किरकोळ असतो, तरी तो एकदा मोजून घेणे चांगले.

टाय रॉड दोन्ही बाजूंना नीट लवंडत असूनही बूट चेपूनच फाटत असेल, तर नकलवरचा स्टॉपर बोल्ट तपासावा. जिनिंगच्या आवारात किंवा गावातल्या अरुंद चौकात गाडी कमी जागेत वळावी म्हणून काही जण हा बोल्ट आत घालतात. चाक मग ठरवलेल्या कोनापेक्षा जास्त वळते आणि स्टड त्याच्या मर्यादेबाहेर कलतो. ड्रॅग लिंकच्या बाबतीत पाट्यांकडेही पाहावे लागते. मेन पाटा बसला असेल, सेंटर बोल्ट तुटून ॲक्सल मागे सरकला असेल किंवा गाडीवर नेहमीच जादा माल भरला जात असेल, तर ड्रॅग लिंकचा कोन बदलतो, आणि ड्रॉप आर्मकडच्या टोकाचा बूट सतत एका अंगाला ताणलेला राहतो. तेथे बूट कितीही चांगला आणला तरी पाट्याचे काम केल्याशिवाय सुटका नाही.

एक प्रकार राहिला. बुटावर पिळल्यासारख्या तिरप्या सुरकुत्या असतील तर त्याचा ओठ आर्मच्या पृष्ठभागाला चिकटून बसलेला असतो. आर्मवरचा गंज किंवा रंगाचा थर खरखरीत असला की ओठ त्यावरून सरकत नाही, आणि प्रत्येक वळणाला संपूर्ण बूट पिळला जातो. आर्मची बसण्याची जागा बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून तेथे ग्रीसचा पातळ हात फिरवला की हे थांबते.

बूट बदलताना

बूट घेताना केवळ गाडीचे नाव सांगून भागत नाही, कारण एकाच गाडीवर वेगवेगळ्या कंपन्यांची टोके बसवलेली असू शकतात. व्हर्नियरने तीन मापे घ्यावीत: स्टडवर ज्या जागी ओठ बसतो तेथील व्यास, टोकावरच्या खोबणीचा व्यास, आणि स्टड सरळ असताना खोबणीपासून आर्मपर्यंतची उंची. बूट गरजेपेक्षा उंच असेल तर घडी पडून चेपतो आणि बुटका असेल तर ताणला जातो. नट आवळल्यावर तो किंचित दाबला जाऊन ओठ आर्मवर सपाट टेकला पाहिजे, एवढाच फरक मोकळ्या आणि बसवलेल्या उंचीत असावा. चिकटवून बसवायचे, उभे चिरलेले बूटही मिळतात. स्टड न सोडवता ते बसतात हा त्यांचा मोह आहे, पण चिरलेली कड पुढे उघडतेच, म्हणून मी ते ट्रकवर बसवू देत नाही.

चाकाचे नट जमिनीवरच थोडे ढिले करून मग गाडी उचलावी, आणि ॲक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली शिरू नये. केवळ हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. मऊ जमिनीत घोडीखाली जाड फळी टाकावी, कारण पावसाळ्यात काळ्या मातीत घोडीचा पाय खचतो. स्प्लिट पिन काढून कॅसल नट ढिला करावा, पण तो पूर्ण न काढता शेवटच्या काही आट्यांवर ठेवावा, म्हणजे टेपर सुटताना दांडा एकदम अंगावर पडणार नाही. टेपर सोडवण्यासाठी पुलर सर्वांत चांगला. पुलर नसेल तर आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरावा आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने ठोका द्यावा. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि टेपर सुटतो. स्टडच्या तोंडावर ठोकले तर आटे बसतात, आणि गॅसने आर्म तापवला तर बुटाबरोबर आतली प्लास्टिकची वाटीही जाऊ शकते.

स्टड मोकळा झाल्यावर बूट धरून ठेवणारी जुनी रिंग आणि बूट काढावा, शक्य तितके जुने ग्रीस स्वच्छ कापडाने पुसावे. लोखंडी भाग रॉकेलने पुसला तरी चालेल, पण नवा बूट चढवण्यापूर्वी तो पूर्ण कोरडा झाला पाहिजे. साधारणपणे लिथियमचे, एनएलजीआय २ प्रतीचे (ही ग्रीसच्या घट्टपणाची श्रेणी) ग्रीस या कामाला योग्य असते. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर ते वापरावे. बुटात ग्रीस निम्म्याच्या थोडे वर भरावे, काठोकाठ नाही. बूट दबताना आतल्या ग्रीसला हलायला जागा लागते. ओठ खोबणीत बसवताना त्याच मापाचा पाइपचा तुकडा किंवा मोठा सॉकेट वरून टेकवून सर्व बाजूंनी सारखे दाबावे आणि मग रिंग चढवावी. रिंगऐवजी बाइंडिंग वायर आवळण्याची पद्धत दिसते; वायरच्या पिळाची टोके रबराकडे वळली की त्याच जागी पुढची चीर पडते.

टेपर आणि आर्मचा डोळा मात्र कोरडा व स्वच्छ असावा. तेथे ग्रीस लागले तर स्टड आर्मला घट्ट पकडत नाही. नट फिरवताना स्टडही फिरू लागला तर टोकाखाली लहान जॅक टेकवून ते वर दाबावे, म्हणजे टेपर धरतो. नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळावा, आणि पिनचे छिद्र जुळत नसेल तर नट आणखी थोडा पुढे न्यावा. छिद्र जुळवण्यासाठी तो मागे सोडू नये. स्प्लिट पिन नवीच घालावी. शेवटी चाके जमिनीवर टेकवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे, आणि दुसऱ्याने बाजूला उभे राहून, गाडीखाली न शिरता, टॉर्चच्या उजेडात बूट कोठे ताणतो किंवा चेपतो का ते पाहावे. बिघाडाचे मूळ राहून गेले असेल तर ते बहुधा याच वेळी दिसते.

फक्त बूट बदलला असेल तर टाय रॉडची लांबी बदललेली नसते, म्हणून टो-इन बिघडत नाही. टोक बदलले असेल तर जुने काढताना किती आटे फिरले ते मोजून नवे तितकेच आत घालावे, आणि दोन टोकांपैकी एकाचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवावे. आट्यांच्या मोजणीवर थांबू नये. अलाइनमेंट करून घ्यावी.

वाटेत बूट फाटल्यास

मारेगावच्या पुढे जंगलपट्ट्यात किंवा झरी-जामणीच्या आतल्या रस्त्यावर बूट फाटला तर तेथे सुटा बूट मिळण्याची शक्यता कमीच असते. प्ले नसेल आणि केवळ बूट फाटला असेल, तर जॉइंटच्या बाहेरची माती पुसून, थोडे स्वच्छ ग्रीस फाटलेल्या जागेतून आत दाबावे आणि जुन्या सायकलच्या ट्यूबचा रुंद तुकडा सैलसर गुंडाळून वर-खाली केबल टायने धरावा. तुकडा घट्ट ओढला तर पहिल्याच वळणाला तो निसटतो, म्हणून बांधल्यावर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. ग्रीस लागलेल्या रबराला चिकटपट्टी किंवा सिलिकॉन धरत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नये.

ही व्यवस्था गॅरेज गाठेपर्यंतचीच आहे. ट्यूबचे रबर बहुधा ब्युटिल असते. हवा धरण्यात ते उत्तम असले तरी खनिज तेलाच्या ग्रीसमध्ये ते फुगून ढिले पडते, आणि वरून नीट दिसणाऱ्या गुंडाळीखाली धूळ जाऊ लागते. नाल्यातून गाडी काढावी लागली असेल तर ती गुंडाळी त्याच संध्याकाळी सोडून ग्रीस तपासावे. प्ले जाणवत असेल, तर मात्र भरलेली गाडी पुढे नेऊ नये. माल दुसऱ्या गाडीत घ्यावा.

ज्यांच्या गाड्या दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत रोज जिनिंगच्या फेऱ्या करतात, त्यांनी योग्य मापाचे दोन बूट, रिंगा आणि स्प्लिट पिना गाडीत ठेवाव्यात. ते टूलबॉक्समध्ये तेलकट चिंध्यांबरोबर किंवा डॅशबोर्डवर उन्हात ठेवले तर वापरण्याआधीच खराब होतात. बंद पिशवीत, घडी न घालता, सीटमागच्या सावलीत ठेवावेत. दुकानातून घेतानाही बूट दोन्ही अंगठ्यांनी ताणून घडीच्या तळाशी पाहावे. तेथे केसासारख्या भेगा दिसल्या तर तो माल कपाटात जुना झालेला आहे, आणि दुकानदाराने निम्म्या किमतीत दिला तरी घेऊ नये.